वीज वितरणाच्या सबडिव्हिजनचा पाच वर्षांचा आराखडा: पहिल्यांदाच करणाऱ्या इंजिनिअरसाठी

डिसेंबरात कधीतरी वरच्या ऑफिसातून मेल येतो: ‘पुढील पाच वर्षांची अपेक्षित मागणी व त्यासाठी आवश्यक कामांचा प्रस्ताव आठ दिवसांत सादर करावा.’ मला तो पहिल्यांदा आला तेव्हा नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मागच्या इंजिनिअरची एक्सेल शीट उघडली, सगळ्या फीडरांना (सबस्टेशनातून निघून गावागावांत वीज नेणाऱ्या लाइनींना) सरसकट वर्षाला ७ टक्के वाढ लावली, पाच वर्षांनी १.४ पट येते ती आणली. जिथे आकडा लाल झाला तिथे मोठा ट्रान्सफॉर्मर नाहीतर जाड तार लिहिली आणि पाठवून मोकळा झालो. शाबासकीही मिळाली, कारण वेळेत पाठवलं होतं.

दोन वर्षांत त्या शीटची लक्तरं निघाली. बायपासकडच्या फीडरवर एक मोठा एनए (बिगरशेती) लेआउट, दोन मंगल कार्यालयं आणि एक कोल्ड स्टोरेज आलं आणि मी पाचव्या वर्षासाठी लिहिलेला लोड दुसऱ्याच उन्हाळ्यात येऊन बसला. उलट ज्या फीडरला मी मोठ्या हौसेने नवी तार सुचवली होती, तिथली सूतगिरणी बंद पडली आणि लोड निम्म्यावर आला. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की आहे: मागणी टक्क्यांनी वाढत नाही, ढेकळांनी येऊन पडते. ढेकूळ कुठल्या पोलवर, किती वाजता आणि केवढं पडणार ते शोधायचं, बाकी सगळी बेरीज-वजाबाकी.

हा लेख ३३/११ केव्ही सबस्टेशन (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणारं) आणि त्याखालच्या जाळ्यापुरता आहे. पुण्याच्या आसपास असाल तर तुमच्याकडे २२ केव्हीचे फीडर असतील. आकडे बदलतील, पद्धत हीच.

आधी काय काय गोळा करायचं

- प्रत्येक सबस्टेशनच्या तासागणिक लॉगशीट, किमान तीन वर्षांच्या. फीडर मीटरचा एमआरआय डेटा (यंत्राने मीटरमधून थेट उतरवलेला) मिळत असेल तर तो आधी घ्या. त्यात माणसाने भरलेले आकडे नसतात.
- सिंगल लाइन डायग्राम (सगळं जाळं एकेरी रेघांनी दाखवणारा) आणि जीआयएस म्हणजे संगणकावरचा नकाशा.
- ट्रान्सफॉर्मरांची यादी: क्षमता, बसवल्याचं वर्ष, किती वेळा जळाला.
- पैसे भरून थांबलेल्या नव्या कनेक्शनांची यादी, म्हणजे आपली ‘पेड पेंडिंग’.
- एनए आदेश, नगरपरिषदेच्या बांधकाम परवानग्या, विकास आराखडा, एमआयडीसी असेल तर प्लॉटवाटपाची यादी.
- सोलरचे अर्ज, छतावरचे आणि जमिनीवरचे दोन्ही.
- टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा), विजेरी, रबरी हातमोजे आणि खिशात मावणारी डायरी.

एक सावधगिरी. नगरपरिषदेत जाऊन ‘डीपी द्या’ म्हणालात तर ते विकास आराखडा काढतील, गावात म्हणालात तर लोक ट्रान्सफॉर्मर मागायला आलात की द्यायला आलात असं विचारतील. कागदावर लिहिताना ट्रान्सफॉर्मरला डीटीसीच (वितरण ट्रान्सफॉर्मर केंद्र) लिहा. माझ्या पहिल्या प्रस्तावात ‘डीपी रस्त्यालगत नवीन डीपी’ असं वाक्य होतं, ते वाचून साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं.

पायरी १: कागदावरचा फीडर आणि जमिनीवरचा फीडर जुळवा

डायग्रामवर लिहिलेलं असतं, ‘डॉग, १४ किमी’. डॉग म्हणजे १०० चौरस मिलिमीटरची तार, रॅबिट ५० ची, वीझल ३० ची. मोटारसायकल काढा आणि लाइनमनला मागे बसवून शेवटच्या पोलापर्यंत जा. वाटेत कुठेतरी वादळात पडलेल्या चार-पाच गाळ्यांना (दोन पोलांमधलं अंतर म्हणजे एक गाळा) ‘तात्पुरती’ म्हणून ओढलेली वीझल सापडेल. ती तात्पुरती तार आठ वर्षं तिथेच आहे आणि तिच्यापुढच्या सगळ्या गावांसाठी फीडरची ताकद तेवढीच आहे. एबी स्विच (पोलवरून लाइन तोडायचे-जोडायचे) कुठे आहेत, त्यातले चालू किती, जाम किती, शेजारच्या फीडरला जोडणारा टाय पॉइंट खरंच जोडतो का, हेही याच फेरीत लिहून घ्या. टाय पॉइंटवर जंपरच (जोडणारी तारच) नसणं ही अगदी नेहमीची गोष्ट.

पायरी २: खरी कमाल मागणी शोधा

लॉगशीटमधला सगळ्यात मोठा आकडा उचलला की झालं, असं वाटतं. तिथेच पहिला सापळा.

एका फीडरची कमाल नोंद २१० अँपिअर होती, एरवी तो १३० च्या वर कधी गेला नव्हता. ऑपरेटरला विचारल्यावर कळलं, त्या दिवशी शेजारच्या फीडरची केबल गेली होती आणि सहा तास त्याचं लोड याच्यावर टाकलं होतं. म्हणजे तो आकडा दोन फीडरांचा होता. अशा नोंदी वेगळ्या काढा. फेकू मात्र नका, पुढे सहाव्या पायरीला त्या सोन्यासारख्या उपयोगी पडतात.

दुसरा सापळा उलटा: दडपलेली मागणी. ज्या फीडरवर उन्हाळ्यात रोज संध्याकाळी ट्रिपिंग होतं किंवा तारीखवार भारनियमन झालं, तिथला लॉगशीटचा आकडा लोकांना हवी होती ती वीज सांगत नाही, मिळाली ती सांगतो. सप्लाय गेला त्याच्या आधीचा तास आणि आल्यानंतरचा दुसरा तास पाहा. परत आल्याच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांचा आकडा घेऊ नका, कारण तेव्हा सगळे फ्रीज, एसी आणि मोटारी एकदम सुरू होतात.

तिसरी गोष्ट, फीडरांच्या कमाल मागण्यांची बेरीज म्हणजे सबस्टेशनची कमाल मागणी नव्हे. बाजारपेठेचा फीडर संध्याकाळी सातला चढतो, वसाहतींचा रात्री अकराला, शेतीचा त्याच्या पाळीप्रमाणे. बेरीज करून १० एमव्हीए (भार मोजायचं माप, हजार केव्हीएचं एक) दाखवाल आणि सबस्टेशनच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचा मीटर ७ वर असेल, तर प्रस्ताव तिथेच आपटतो.

हिशेबासाठी तीन आकडे पाठ करून टाका. ११ केव्हीवर अँपिअरला १९ ने गुणलं की केव्हीए येतात. ३३ केव्हीवर ५७ ने. आणि १०० केव्हीएच्या डीटीसीला लघुदाबाकडे (ग्राहकांकडे जाणाऱ्या बाजूला) पूर्ण लोड म्हणजे १३३ अँपिअर. कॅल्क्युलेटर काढायच्या आत उत्तर देणाऱ्या इंजिनिअरला मीटिंगमध्ये कमी प्रश्न विचारतात, हा माझा अनुभव.

पायरी ३: रात्री डीटीसीवर जा

ही पायरी सगळे टाळतात. मीही टाळली असती, पण आमच्या एका वयस्कर लाइनमनने हट्ट धरला. सगळे त्यांना तात्या म्हणत. जुन्या बसस्टँडमागच्या १०० केव्हीएच्या डीटीसीबद्दल लागोपाठ तक्रारी येत होत्या आणि मी आराखड्यात तिथे २०० केव्हीए लिहून ठेवलं होतं.

एप्रिलची रात्र, साडेदहा वाजलेले. तात्यांनी पेटीचं दार उघडलं तर आत गरम इन्सुलेशनचा वास. आर, वाय, बी या तीन फेजांपैकी आर फेजच्या किटकॅटवर (फ्यूजच्या कप्प्यावर) फ्यूज वायरीच्या जागी वेटोळं करून बसवलेली चक्क सर्व्हिस वायर, म्हणजे पोलवरून घराला जोडायची तार. टाँग टेस्टर आरवर लावला: १७१. वायवर: ६२. बीवर: ९८. न्यूट्रलमध्येही नव्वदच्या वर.

‘साहेब, ट्रान्सफॉर्मर बारका नाय,’ तात्या म्हणाले, ‘वाटणी चुकलीय.’

हिशेब करा: तिन्हींची सरासरी ११०, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ८३ टक्क्यांवर. पण एकटी आर फेज १२९ टक्क्यांवर. वर्षानुवर्षं नवी सर्व्हिस जोडायला पोलवर चढलेल्या माणसाने हाताशी येईल त्या तारेला जोडलेली. दुकानांची रांग आणि दोन नव्या इमारती सगळ्या आरवर. आठवडाभरात पंधरा-वीस सर्व्हिसा वायवर आणि थोड्या बीवर हलवल्या. तक्रारी थांबल्या. २०० केव्हीएची ओळ मी खोडली आणि ते पैसे दुसऱ्या ठिकाणी लावले.

आता डीटीसी मीटर आणि स्मार्ट मीटर येताहेत. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या आरडीएसएस (वितरण क्षेत्र सुधारणा) योजनेने फीडर आणि डीटीसी मीटरिंगवर भर दिला, त्यामुळे हा डेटा हळूहळू टेबलावर बसून मिळेल. पण मीटर ज्या डीटीसीच्या नावावर दिसतो त्याच डीटीसीवर लागलेला आहे ना, हे एकदा डोळ्यांनी बघा. आणि रात्रीच्या मोजणीला एकटे जाऊ नका. पेटीला हात लाइनमनच लावेल, हातमोजे घालूनच.

सगळ्या डीटीसी मोजणं शक्य नसतं. ज्या दोनदा जळाल्यात, ज्यांच्या तक्रारी जास्त आहेत आणि ज्यांच्या आसपास नवी बांधकामं चालू आहेत, तेवढ्या घ्या. आमच्याकडे त्या साठ निघाल्या, तीन आठवड्यांत झाल्या.

पायरी ४: ढेकळं मोजा

देशाची कमाल मागणी ३० मे २०२४ ला २५० गिगावॉटला टेकली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचं विसावं विद्युत सर्वेक्षण राज्यवार अंदाज देतं. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ते शोभतात. तुमच्या बायपासवरच्या फीडरबद्दल मात्र ते एक अक्षर बोलत नाहीत. त्यासाठी यादी हातानेच करावी लागते.

मी प्रत्येक येऊ घातलेल्या लोडला तीन खाती ठेवतो: नुसता कागद, पैसे भरलेत, खड्डा खणलाय. एनए आदेश झाला पण प्लॉटवर अजून ज्वारी उभी आहे, तो ‘कागद’. फर्म कोटेशन (कनेक्शनसाठी आपण काढून दिलेली रक्कम) भरलं, तो दुसरा. पाया खणलेला दिसतो, तो तिसरा. खड्डा खणलेला पूर्ण धरायचा आणि पहिल्या दोन वर्षांत धरायचा. पैसे भरलेला तिसऱ्या वर्षाच्या आत. नुसता कागद चौथ्या-पाचव्या वर्षात आणि तोही अर्धाच. ही वाटणी माझी आहे, कुठल्या नियमात सापडणार नाही; पण सरसकट ७ टक्क्यांपेक्षा ती मला कमी फसवते.

आता ढेकळांचे प्रकार.

*घरं.* बिल्डर प्रत्येक फ्लॅटला ५ किलोवॉट मागतो. १२० फ्लॅट, म्हणजे ६०० किलोवॉट. तेवढं एकाच वेळी कधीच लागत नाही, पण किती लागतं? पुस्तकातला विविधता गुणक (सगळे एकाच वेळी पूर्ण वीज ओढत नाहीत म्हणून लावायचा) घेण्यापेक्षा तुमच्याच गावातली तशीच, तीन-चार वर्षांपूर्वी भरलेली सोसायटी शोधा. तिच्या डीटीसीची मे महिन्यातली रात्रीची कमाल काढा आणि राहत्या फ्लॅटांनी भागा. तो आकडा तुमचा. एसी असलेल्या आणि नसलेल्या सोसायट्यांचे आकडे वेगळे काढा, फरक बघून दचकाल.

*ईव्ही.* घरचा साधा चार्जर ३.३ किलोवॉट, जरा मोठा ७.४. एका सोसायटीत ७.४ चे वीस लागले तर १४८ किलोवॉट, म्हणजे २०० केव्हीएचा डीटीसी पाऊण भरला. एरवी लोक आपापल्या वेळी लावतात म्हणून चालून जातं. पण वेळेनुसार दर लागू झाला की स्वस्त तास सुरू होताच सगळ्यांचे टायमर एकदम लागतात. ग्राहकाचं त्यात चुकत नाही, आपणच त्याला तो तास सांगितलेला असतो. म्हणून चार्जरांना घरांचा गुणक लावू नका, जवळपास पूर्ण धरा. एसटीचा डेपो विजेच्या बसचा होणार असल्याची कुणकुण असेल तर आगार व्यवस्थापकांना जाऊन भेटा; तो लोड डीटीसीवर बसत नाही, त्याला स्वतंत्र ११ केव्ही फीडरच लागतो.

*शेती.* इथे पुस्तक गुंडाळून ठेवा. पाच एचपीचा पंप साधारण सात अँपिअर ओढतो. ६३ केव्हीएच्या डीटीसीला पूर्ण लोड ८४ अँपिअर, म्हणजे बारा पंप. कागदावर बाराच असतात. पण मंजूर तीन एचपी आणि विहिरीवर साडेसात, हे घरोघरी. तारेवर आकडे टाकून चालवलेले वेगळेच. त्यात पंपांना ऑटो स्विच. थ्री फेज सप्लाय रात्री दोनला येवो नाहीतर सकाळी आठला, आल्या क्षणी सगळे पंप एकदम उचलतात. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. आठच तास मिळणार असतील तर झोप मोडून विहिरीवर कोण जाईल? प्लॅनिंगमध्ये शेतीच्या डीटीसीला विविधता शून्य धरायची आणि ऑटो स्विचसोबत कपॅसिटरचा आग्रह चालू ठेवायचा. ऊस वाढतोय की द्राक्ष, नवा बंधारा कुठे झाला, पाणी कुठे आलं, हे कृषी सहायकाला आणि विकास सोसायटीच्या सचिवाला विचारा. पाणी आलं की पुढच्याच वर्षी पंप येतात.

*मोठे ग्राहक.* यांना फोन करा. कोल्ड स्टोरेजवाला, गुऱ्हाळवाला, दूध संघ, पाणीपुरवठा योजना. ‘पुढच्या दोन वर्षांत काय वाढवताय?’ एवढाच प्रश्न. निम्मे खरं सांगतात, आणि तेवढंही आधी कुणी विचारलेलं नसतं. बंद पडू घातलेले कोण, हेही विचारायला विसरू नका. वजाबाकीची ढेकळंही असतात, माझी सूतगिरणी आठवा.

हे सगळं मांडून झाल्यावर उरलेल्या मूळ लोडला गेल्या पाच वर्षांचा त्याच फीडरचा नैसर्गिक वाढीचा दर लावा. फीडरागणिक वेगळा. काहींना दोन टक्के येईल, काहींना उणे.

पायरी ५: दुपारचा वेगळा हिशेब करा

माझ्या पहिल्या आराखड्याच्या वेळी याची गरज नव्हती. आता आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि त्याच महिन्यात ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन १० किलोवॉटपर्यंतच्या छतावरच्या सोलरला तांत्रिक व्यवहार्यता तपासायची अट उठली. म्हणजे असे अर्ज तुमच्या टेबलावरून न थांबता जातात. जाळ्यात ते मावतात का हे आधीच बघून ठेवायचं काम तुमचं. शिवाय मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे प्रकल्प थेट सबस्टेशनच्या ११ केव्ही बसवर (सगळे फीडर जिथून निघतात त्या पट्टीवर) येऊन जोडले जातात.

म्हणून दोन चित्रं काढा. एक, मेमधली रात्र: लोड सगळ्यात जास्त, सोलर शून्य. दुसरं, पाऊस उघडल्यानंतरची ऑक्टोबरमधली रविवारची दुपार: पंप बंद, बाजार बंद आणि ऊन कडक. दुसऱ्या चित्रात वीज सबस्टेशनातून उलटी ३३ केव्हीकडे चढते आणि फीडरच्या टोकाला व्होल्टेज वाढतं. टोकाला व्होल्टेज कमी येतं म्हणून ज्या डीटीसीचा टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) तुम्ही उचलून ठेवलात, तिथेच दुपारी पंखे जास्त फिरतात आणि सोलरचे इन्व्हर्टर ट्रिप होतात. तक्रार येते, ‘माझं सोलर बंद का पडतं?’

आणि एक भ्रम काढून टाका: सोलर आलं म्हणून रात्रीच्या कमाल मागणीतून एक किलोवॉटही वजा होत नाही. महिन्याची युनिटं कमी होतात. डीटीसी आणि तार मात्र रात्री अकराच्या लोडवर ठरते.

पायरी ६: जाळं कुठे अडतंय ते पाहा

तीन प्रश्न विचारायचे. तार आणि ट्रान्सफॉर्मर तापतात का? टोकाला व्होल्टेज मिळतं का? आणि एखादी वस्तू गेली तर बाकीचं जाळं तिचा भार पेलतं का?

व्होल्टेजची मर्यादा भारतीय वीज नियम १९५६ च्या नियम ५४ पासून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेली आहे: लघुदाबाला अधिक-उणे ६ टक्के, ११ केव्हीला अधिक ६ ते उणे ९. लोड फ्लोचं (जाळ्यात कुठे किती करंट आणि व्होल्टेज ते काढणारं) सॉफ्टवेअर हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर कागदावर हिशेब होतो. एक खराखुरा वाटेल असा नमुना घेऊ.

१४ किलोमीटरचा ११ केव्ही फीडर, तार रॅबिट, सुरुवातीला १२० अँपिअर, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरंच कामाला येणारा हिस्सा) ०.८५, लोड सबंध लांबीवर साधारण सारखा पसरलेला. रॅबिटचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.५५ ओहम धरा, रिअॅक्टन्स ०.३७. व्होल्टेजची घट म्हणजे √३ × करंट × (आर कॉस फाय + एक्स साइन फाय) × लांबी. लोड पसरलेला असल्याने त्याच्या निम्मी. उत्तर येतं ९६० व्होल्टच्या आसपास, ८.८ टक्के. आज कसाबसा मर्यादेत. चौथ्या पायरीतल्या ढेकळांनी लोड २० टक्क्यांनी वाढला की १०.५ टक्के, म्हणजे टोकाच्या गावात मोटार गुरगुरणार, पण उचलणार नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी सबस्टेशन घ्या. ५ एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, कमाल मागणी ७.२. दोन्ही चालू असताना निवांत. एक गेला की सव्वादोन एमव्हीए उघड्यावर. त्यातले किती शेजारच्या सबस्टेशनावर टाकता येतात? इथे दुसऱ्या पायरीत बाजूला ठेवलेल्या त्या ‘चुकीच्या’ नोंदी काढा. शेजारच्या फीडरचं लोड घेतलं तेव्हा २१० अँपिअरला टोकाचं व्होल्टेज किती उतरलं होतं, हे ऑपरेटरने लिहिलं असेल तर तुमची चाचणी फुकटात झालेली आहे.

पायरी ७: स्वस्त उपाय आधी

वरच्याच फीडरवर उपाय लावून पाहू, आजच्या १२० अँपिअरवर.

पॉवर फॅक्टर ०.८५ वरून ०.९५ वर नेणारे कपॅसिटर बसवले: घट ८.८ वरून ७.५ टक्के. खर्च किरकोळ, पण कपॅसिटर बँक बसवल्यावर तिच्याकडे वर्षभर कुणी बघत नाही आणि फ्यूज गेलेली बँक पोलवर नुसती शोभेला राहते.

सगळी तार बदलून डॉग केली: ५.६ टक्के. कमाल लोडच्या वेळी तारेत जळणारी वीज ११० किलोवॉटवरून ५६ वर.

फीडरच्या मध्यावर नवं सबस्टेशन टाकलं, म्हणजे सात-सात किलोमीटरचे दोन तुकडे आणि प्रत्येकात ६० अँपिअर: २.२ टक्के आणि तीच जुनी रॅबिट ठेवूनही गळती २८ किलोवॉट.

लांबी निम्मी आणि करंट निम्मा झाला की घट पाव होते, हे गणित एकदा स्वतः करून बघा. मग ‘तार जाड करा’ हा ठरावीक उपाय आपोआप मागे पडतो. अर्थात सबस्टेशन महाग आणि वेळखाऊ. म्हणून आराखड्यात क्रम असा लावतो: पहिल्या वर्षी फेज वाटणी, कपॅसिटर, टाय पॉइंट दुरुस्त करून एका फीडरवरचा लोड दुसऱ्यावर सरकवणं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डीटीसी वाढवणं आणि अडलेल्या तुकड्याची तार बदलणं. चौथ्या-पाचव्यात नवा फीडर, ट्रान्सफॉर्मरची क्षमतावाढ, नवं सबस्टेशन. मात्र चौथ्या वर्षाच्या सबस्टेशनचं काम पहिल्याच वर्षी सुरू करायचं असतं, कारण पुढची पायरी.

पायरी ८: जागा, बे आणि परवानग्या

ट्रान्सफॉर्मर विकत मिळतो. जागा मिळत नाही.

उघड्यावरच्या ३३/११ सबस्टेशनला एकरभर जागा धरून शोधाला लागा. गावाने फुकट देऊ केलेली जागा पाहून हुरळू नका. मला एका गावाने ओढ्याकाठची अशी जागा दिली. ग्रामसभेचा ठराव झाला, फोटो झाले, नारळही फुटला. मार्चमध्ये ती टणक, सपाट होती. जुलैत मोजणीसाठी गेलो तर गुडघाभर पाणी आणि मध्ये एक म्हैस निवांत बसलेली. ती जागा सोडून दुसरी शोधण्यात दीड वर्ष गेलं. जागा पावसाळ्यात बघा. पाणंद रस्त्याने ट्रान्सफॉर्मरचा ट्रेलर वळेल का, तेही बघा.

मग वरचा प्रश्न: या सबस्टेशनला ३३ केव्ही येणार कुठून? जवळच्या १३२ किंवा २२० केव्ही उपकेंद्रात मोकळा ३३ केव्ही बे (नवी लाइन जोडायची जागा) आहे का, तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर क्षमता आहे का, हे महापारेषणला लेखी विचारा, एस्टिमेट करायच्या आधी. रेल्वे ओलांडायची असेल, राष्ट्रीय महामार्ग किंवा वनजमीन मध्ये येत असेल, तर त्या तिन्हींचे अर्ज वेगवेगळे आणि तिन्हींची चाल वेगवेगळी. लाइनचा मार्ग ठरवताना दोन किलोमीटरचा वळसा घेऊन वनजमीन टाळता येत असेल तर मी डोळे मिटून वळसा घेतो.

पायरी ९: प्रस्ताव असा लिहा की तो वाचला जाईल

प्रत्येक कामापुढे चार गोष्टी: कुठल्या वर्षी मर्यादा ओलांडते, नाही केलं तर किती ग्राहकांना काय होईल, खर्च आणि वाचणारी युनिटं. ‘सिस्टिम इम्प्रूव्हमेंटसाठी आवश्यक’ असं मोघम लिहू नका. ते सगळेच लिहितात. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार मागणाऱ्याला वीज द्यावीच लागते, ‘क्षमता नाही’ हे कारण चालत नाही. पेड पेंडिंगची यादी जोडून हे कलम लिहिलं की काम पुढे सरकायला मदत होते.

कुठलं काम कुठल्या पैशात बसतं तेही लिहा: केंद्राची योजना, जिल्हा नियोजन समिती, कंपनीचा भांडवली आराखडा, की बिल्डरने स्वतःच्या खर्चाने करायचं. चुकीच्या खात्यात टाकलेलं चांगलं काम वर्षभर फिरत राहतं.

पायरी १०: दर जूनमध्ये शीट उघडा

उन्हाळा सरला, पहिला पाऊस पडला की लोड खाली बसतो आणि तुम्हाला थोडी उसंत मिळते, म्हणजे झाडं पडायला लागेपर्यंतची. त्या आठ-दहा दिवसांत अंदाज केलेला आकडा आणि आलेला आकडा शेजारी लिहा. ‘कागद’ खात्यातली कुठली ढेकळं ‘खड्ड्यात’ गेली, कुठली उडाली, ते सरकवा. चुकलेला अंदाज खोडू नका, लाल करून राहू द्या. तीन वर्षांत तुम्हाला कळतं की आपण घरं कमी धरतो आणि कारखाने जास्त.

बदली आली की चार्ज देताना ही फाइल पेन ड्राइव्हवर घालून पुढच्या माणसाच्या हातात द्या. सोबत रात्रीच्या मोजण्यांची डायरी द्या. आणि शीट पाठवायच्या आधी सूत्रं काढून नुसते आकडे चिकटवू नका. माझ्या आधीच्या इंजिनिअरने तेच केलं होतं आणि ७ टक्के कुठून आले हे मला आजवर कळलेलं नाही.